माशाच्या तोंडाची साक्ष

मुकुंदवाडी,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आक्का,
कारभारीचा नमस्कार.

अक्षर ओळखलंस म्हणून लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. पोस्टाचं तिकीट तरी वाया जाणार नाही. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या सुनेनं उचलला की मागून तुझा आवाज येतो, "सांग त्याला, म्हातारी घरी नाय." घरी नसलेल्या म्हातारीचा आवाज इतका खणखणीत कसा, हे मी सुनेला विचारत नाही. बिचारी मध्ये सापडते. म्हणून हे पत्र.

यंदाही राखी आली नाही. हे चौथं वर्ष. द्वारका म्हणाली, मी आणते एखादी आणि कृष्णाच्या हातानं बांधून घ्या. पोराच्या हातून बापानं राखी बांधून घ्यायची, म्हणजे घरात सर्कसच. तसाच राहिलो.

तुला राग का आला ते मला कळतं आक्का. काकासाहेब दाजींना दारूनं नेलं. शेवटी शेवटी ते गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावर बसायचे, दुखणं पोटातून पाठीत जायचं, तोंडचं पाणी पळालेलं असायचं. मग चार वर्षांपूर्वी तू मला तसंच बसलेलं पाहिलंस. वर दवाखान्याचा कागद : स्वादुपिंडाला सूज. दाजींच्या कागदावरही तेच दोन शब्द होते. तुला दुसरं काय वाटणार.

वाटलं तिथपर्यंत ठीक. पण चंपाषष्ठीला शेजारच्या सातारा गावातल्या खंडोबापुढं, सगळी भावकी जमलेली असताना तू माझ्यासमोर बेल-भंडारा धरलास. "उचल आन् म्हन, थेंब शिवला नाय." मी हात पुढं केला नाही. चुलत्यांपासून पुजाऱ्यापर्यंत सगळे म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला. डर कसलीच नव्हती. परक्यानं म्हटलं असतं तर दोन्ही हातांनी उचलला असता. आई गेल्यावर ज्या बाईनं मला कडेवर घेऊन ज्वारी खुडली, तिला माझं तोंडचं बोलणं पुरत नाही? तू म्हणालीस म्हणूनच नाही उचलला. त्या दिवसापासून थेंब न घेता मी दारुड्या झालो. घेऊन झालो असतो तर निदान चव तरी कळली असती.

असो. लिहायचं कारण वेगळंच आहे. यंदा फार वाळलोय. कारखान्यातला निळा शर्ट अंगावर खुंटीला लावल्यासारखा दिसतो. साखर नव्यानं निघाली. दुखणं आता आठवड्याला येतं. इथल्या तीन डॉक्टरांनी तीच गोळी दिली आणि तोच उपदेश केला. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "घेता का?" मी नाही म्हणालो की ते द्वारकेकडं बघतात.

आता कृष्णानं नवीन डॉक्टर शोधल्यात. चारुता मॅडम. तुझ्या सुनेच्या वयाच्या असतील. त्यांनीही विचारलं, "घेता का?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी "नाही" लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. द्वारकेकडं बघितलंच नाही. आक्का, चार वर्षांत माझं "नाही" पहिल्यांदाच कुणीतरी जसंच्या तसं लिहून घेतलं. मला खुर्चीत बसल्या बसल्या भरून आलं.

त्या म्हणतात, दारू नाही, खडे नाहीत, तर मग सूज येते कुठून, हे आत जाऊन बघू. तोंडातून दुर्बीण घालणार आहेत. पुढच्या सोमवारी.

जेवण जात नाही म्हणून तुझ्या हातच्या येसराच्या आमटीची आठवण काढतो. बाकी क्षेम.

तुझा
कारभारी

मुकुंदवाडी,
२ सप्टेंबर २०२५

ती. आक्का,

पेढे वाट. तुझ्या भावाला गाठ निघाली.

वेड लागलं म्हणशील. द्वारकाही काल तेच म्हणाली. आधी सगळं नीट ऐक.

काल दवाखान्यात मला गुंगीचं औषध दिलं आणि तोंडातून दुर्बीण घातली. बोटाएवढी जाड रबरी नळी, टोकाला कॅमेरा. ती पोटातून पुढं आतड्यात जाते. तिथं एका जागी स्वादुपिंडाची नळी उघडते. मला यातलं काहीच कळलं नाही, मी घोरत होतो. जाग आल्यावर मॅडमनी कृष्णाला आणि मला पडद्यासमोर बसवलं. आधी दुसऱ्या एका चांगल्या माणसाचा फोटो दाखवला. नळीचं तोंड तिळाएवढं, मिटलेलं. मग माझा.

आक्का, माझं तोंड माशासारखं आहे. म्हणजे आतलं. पाण्याबाहेर काढलेला मासा कसा आ वासतो, तसं ते भोक उघडं पडलंय, आणि त्यातून बाभळीच्या डिंकासारखा चिकट रस ओघळतोय. मॅडमना म्हणालो, "हे जायकवाडीचं मरळ माझ्या पोटात कधी शिरलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात याला माशाचं तोंडच म्हणतात. ते दिसलं तेव्हाच माझं अर्धं काम झालं."

राहिलेलं अर्धं असं. त्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीही असते. तिनं बघितलं तर आतली नळी तीन मिलिमीटरची हवी, ती अकराची झालेली. मी म्हणालो, आमच्या कारखान्यात लेथवर एवढा चुकलेला जॉब निघाला तर थेट भंगारात जातो. मग मोठ्या दुर्बिणीतून एक दोऱ्यासारखी बारीक दुर्बीण थेट त्या नळीत सोडली. आत भिंतीवर द्राक्षाच्या घडासारखी मऊ गाठ वाढलेली. तिचे बारीक तुकडे तपासायला काढले.

मॅडमनी समजावून सांगितलं ते तुला लिहितो. हा चिकट रस त्या गाठीतून येतो. रसानं नळी तुंबते. नळी तुंबली की सूज येते, सूज आली की मी गुडघे पोटाशी घेऊन बसतो. मी विचारलं, "यात दारू कुठं बसते?"

"कुठंच नाही."

"म्हणजे दारू न पिता हे होतं?"

"तुम्हाला झालंय की."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. मॅडम जरा घाबरल्या. "कारभारी, ही गाठ आहे. गाठ म्हणजे काय ते कळतंय ना?" कळतंय म्हणालो. बाहेर येऊन द्वारकेला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि मी हसत होतो. बाकड्यावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "दिनदहाड़े पीके आया दिखता।" आक्का, त्याचाही राग आला नाही मला.

मॅडमकडं मी एक कागद मागितला. लिहून द्या म्हणालो, की सदर इसम दारू पीत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी काय पिता ते दुर्बिणीतून दिसत नाही. जे दिसलं तेच मी लिहीन. सूज गाठीमुळं आहे, एवढं लिहिते." बाई सरळ आहे. सोबत तो कागद आणि माशाचा फोटो पाठवतोय. कळायला अवघड जाऊ नये म्हणून लाल पेनानं बाण काढलाय. जिथं बाण आहे तिथं मी निर्दोष आहे.

तुकड्यांचा निकाल आठवड्यात येईल.

तुझा, आ वासलेला
कारभारी

मुकुंदवाडी,
१० सप्टेंबर २०२५

ती. आक्का,

निकाल आला. कॅन्सर नाही. पण मॅडमनी दोन वाक्यं सांगितली आणि दुसरं वाक्य असं, की तो उंबऱ्यावर येऊन बसलाय. आत आला की मग त्याला उठवणं कुणाच्या हातात नसतं. म्हणून आत यायच्या आधी उंबराच काढायचा. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताशय, सगळं एकदम. मोठं ऑपरेशन आहे. १८ तारीख दिली.

त्या असंही म्हणाल्या, की सूज म्हणून नुसत्या गोळ्याच चालू राहिल्या असत्या तर वर्षभरानं कळलं असतं आणि तेव्हा कळून उपयोग नसता. चार वर्षं सगळे माझ्या तोंडाचा वास घेत बसले, आत कुणी पाहिलंच नाही. पुन्हा असंही म्हणाल्या, की पूर्ण काढल्यावर सगळी गाठ तपासतील तेव्हाच नक्की काय ते कळेल. तुकड्यात जे नाही ते गाठीत असू शकतं. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

मी मजेत आहे. घरातली बारीकसारीक कामं उरकून घेतोय. दसरा जवळ आलाय ना, म्हणून. नळाची चावी बदलली. द्वारकेला पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर दाबायला शिकवला, ती आधी कधी हात लावत नव्हती. कृष्णाला कारखान्यातल्या फंडाचे कागद दाखवले. त्यानं विचारलं, "आत्ताच कशाला, पप्पा?" म्हणालो, कपाट आवरायला काढलंय तर बघून घे. कपाट काही मी आवरत नव्हतो.

जाऊ दे. तुझ्यापाशी नाटक कशाला. भीती वाटते आक्का. मरणाची वाटते तशी थोडी वाटते. पण टेबलावरून उठलोच नाही, तर तू भावकीत काय सांगशील, हे जास्त मनात येतं. "दारूनं गेला, दाजींसारखा." हे एवढं मला नको आहे. बाकी देवाची मर्जी.

तू येऊ नकोस. पाऊस लागलाय, तुमच्या पुलावरून पाणी जातं म्हणतात, आणि या वयात तुला दगदग झेपायची नाही. सकाळची पॅसेंजर मुकुंदवाडीला थांबते, स्टेशनातून घर पायी जवळ आहे, तुला माहीतच आहे. पण तू येऊ नकोस.

तुझा
कारभारी

दवाखाना,
१७ सप्टेंबर २०२५

ती. आक्का,

उद्या सकाळी पहिला नंबर माझा. आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शेजारच्या शाळेत झेंडा लागलाय, पोरं सकाळपासून घोषणा देतायत. नर्सबाईला म्हणालो, बघा, निजामाकडून सुटलो त्याच दिवशी मला धरून आणलंत. तिनं पोटावरचे केस काढता काढता "हलू नका" एवढंच म्हटलं.

चारुता मॅडम येऊन गेल्या. ऑपरेशन दुसरे सर्जन करणार आहेत, तरी त्या आल्या. माझी दुर्बिणीतली चित्रं त्यांनी सर्जनला पुन्हा दाखवली, गाठ कुठून कुठपर्यंत आहे ते बोटानं सांगितलं. कुठवर कापायचं ते त्यावरूनच ठरतं. जाताना म्हणाल्या, "वेळेत सापडलंय. डोक्यात तेवढंच ठेवा."

द्वारका दिवसभर दाराकडं बघत होती. मीही बघत होतो, पण मी नर्स येतेय का ते बघत होतो.

पत्र कृष्णाकडं टाकायला देतोय. तुला मिळेल तेव्हा काय ते झालेलं असेल. तुझ्यावर माझा राग नाही, हे लिहायचं राहून जायला नको.

कारभारी

मुकुंदवाडी,
७ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
बाजूच्या उशीवर वही ठेवून, पोटावर पट्टा बांधून, कारभारीचा आडवा नमस्कार.

तू शनिवारी गेलीस आणि घर एकदम ओस पडलं. जाताना म्हणालीस, "फोनवर तुझा आवाज लई बारीक येतो. पत्रच धाड. वाचताना वाटतं, ल्हानपणी भाकर मागत व्हतास तसा समोर बसलायस." म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याबद्दल मला लोकांकडून जे कळलं, ते तुलाही कळायला हवं.

ऑपरेशनच्या दिवशी मी टेबलावर होतो, तेव्हाचं हे. द्वारका सांगते, की दहाच्या सुमाराला तू गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन थिएटरच्या दाराशी उभी राहिलीस. पुलावरून पाणी होतंच. तू ट्रॅक्टरवर बसून नाला ओलांडलास आणि मग पॅसेंजर गाठलीस. सत्तराव्या वर्षी. चारुता मॅडम बाहेर आल्या तर तू त्यांना काही विचारलंच नाहीस, आधी सांगून टाकलंस, "डाक्टरीनबाई, माझा भाऊ दारू पीत नाय बरं का." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, आजी." त्यावर तू म्हणालीस, "तुमाला दुर्बिनीतून कळलं. मला बिगर दुर्बिनीचं कळाया पायजे व्हतं."

द्वारकेनं हे मला तीनदा सांगितलंय. रोज मागून घेतो.

नंतर वॉर्डात तू जे केलंस ते तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नाकात नळी, पोटाला दोन नळ्या, बोलता येत नव्हतं, नाहीतर थांबवलं असतं. तू पिशवीतून माशाचा फोटो काढलास आणि प्रत्येक खाटेपाशी गेलीस. "ह्ये माझ्या भावाच्या आतड्यातलं. ह्यो बाण बगा. इथं गाठ व्हती. दारू नाय, गाठ." शेजारच्या काकांना नुकतं पातळ वरण आलं होतं, त्यांनी चमचा खाली ठेवला. पडेगावचे ते कंडक्टर खरंच दारूनं आजारी होते, त्यांच्यापाशी तू फोटो मिटलास, खाटेवर बसलीस आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास. तेही पाहिलं मी.

आता एक गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते, तू माझे पाय चेपत होतीस, तेव्हा जे बोललीस ते तुला वाटलं मी गुंगीत आहे म्हणून. मी जागा होतो. "तुझ्या दाजींनी तीन डाव भंडारा उचलला. तिनी डाव छाती ठोकून. आन् तिनी डाव तिसऱ्या दिशी पिऊन आले. शपथ घेनारा मी आयुष्यभर बगितला रं कारभारी. न घेनारा समोर उभा व्हता तर मला वळखू आला नाय." आक्का, हे ऐकून मी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर तू बोलायची थांबली असतीस. पण मला इतकं हलकं वाटलं, की टाक्यांसकट उठून बसावं. माझ्या मनात जो चार वर्षांचा दगड होता तो तिथंच, त्या खाटेवर, गेला. तुझ्याबद्दल मनात आता काही नाही. माझ्याबद्दल तुझ्या मनात काही नाही हे मला माहीत आहे. दोघं म्हातारे झालो, तेवढं पुरे.

दसऱ्याला तू इथं होतीस. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला तो फोटो दाखवलास. आता ऐकतो, की गावात भावकीच्या घरोघरी फिरतेस. सरपंचालाही दाखवलास म्हणे. चांगलं आहे. फक्त जेवणाच्या वेळी दाखवू नकोस.

आता मुख्य. हे सगळं मी मुद्दाम लांबवत आणलं.

काढलेली अख्खी गाठ तपासायला दिली होती. एका जागेवर शंका म्हणून त्यांनी ती पुढं मुंबईलाही पाठवली होती. हे मी तुला सांगितलं नाही, द्वारकेलाही नाही. फक्त मॅडमना आणि मला माहीत होतं. दसरा त्याच्यावर बसून काढला. तू सोनं हातात दिलंस तेव्हा मी मनात काय म्हणालो ते आता विचारू नकोस.

आत्ता मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, "कारभारी, बसलाय ना?" म्हणालो, आडवा आहे. म्हणाल्या, "मग तसेच राहा आणि ऐका. कॅन्सर कुठंही नाही. कापलेली कड स्वच्छ आहे. उंबऱ्यावरच्याला आपण उंबऱ्यासकट बाहेर टाकलं." पुढं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची, जेवणाबरोबर गोळ्या घ्यायच्या, साखर सांभाळायची. बाकी मी मोकळा.

आक्का, मी मोकळा आहे. मी जगणार आहे आणि मी दारुड्या नाही. दोन्ही एकाच वर्षात.

द्वारका गिरणीत दळण आणायला गेलीय. कृष्णा कामावर आहे. घरात कुणी नाही, म्हणून मोठ्यानं रडून घेतलं आणि मग वही ओढली. शाळेचा निकाल लागला की मी वाटेत कुणालाही न दाखवता पळत तुझ्याकडं यायचो, तू भाजीचे हात पुसून तो कागद कपाळाला लावायचीस. आज पळता येत नाही, म्हणून लिहिलं. जगात ही बातमी पहिल्यांदा तुला सांगतोय.

फाटकाची कडी वाजली. द्वारका आली. आता उठतो आणि तिला सांगतो.

तुझा
कारभारी